त्या सात महिन्यांचा पाहुणा

"'माझा मुलगा प्रितम हा सदर काळात माझ्या घरी पाहुणा म्हणून राहिला होता,'" दीप्तीनं प्रतिज्ञापत्रातलं वाचलं आणि ती श्वासही न घेता पुढच्या वाक्याकडे गेली. भीमराज मात्र मागेच राहिले. खालच्या मिठाईच्या दुकानात कढईत काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज झाला, पंख्यानं टेबलावरचा एक कागद उचलून पाहिला आणि परत ठेवला, दीप्ती वाचतच होती. त्यांना वाटलं, कुणीतरी चपला न काढता आपल्या घरात शिरलंय आणि थेट आतल्या खोलीपर्यंत गेलंय. तसं बघितलं तर पाहुणा हा काही वाईट शब्द नाही. मेहकरला त्यांच्या लहानपणी घरी पाहुणा आला की गुळाचा चहा व्हायचा आणि पोरांना दटावून बाहेर खेळायला पाठवायचे. चांगलाच शब्द आहे. पण चांगला शब्द चुकीच्या माणसाला लावला की शिवी होते, हे त्यांना साठी उलटून गेल्यावर, मुलुंडच्या या कचेरीत बसल्या बसल्या कळत होतं.

"काका, ऐकताय ना?"

"परत वाच."

"कुठलं?"

"पाहुण्याचं."

दीप्तीनं परत वाचलं. यावेळी जरा हळू, कारण ती काही परकी नव्हती. प्रितमबरोबर कॉलेजात होती, परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या घरी बसून त्याच्या आईच्या, मीराच्या, हातची भाकरी खाल्लेली. आता सीए होऊन तिनं स्वतःचं ऑफिस थाटलं होतं आणि परदेशात गेलेल्यांच्या कराची कामं करून तिचे केस चाळिशीच्या आधीच पांढरे व्हायला लागले होते.

"मुलगा म्हणून राहिला होता, असं नाही का लिहिता येणार?" भीमराजनी विचारलं.

"काका, तसं लिहिलं तर वाट लागेल ना त्याची." तिनं पेन खाली ठेवलं. "परत सांगते. त्या वर्षी प्रितम सहा महिन्यांच्या वर इथे होता. म्हणून आपला कायदा म्हणतो, हा आमचा. नोकरी तिकडची, म्हणून त्यांचा कायदा म्हणतो, हा आमचा. दोघांना एकच माणूस हवाय. अशा वेळी दोन देशांतला करार काढायचा. करार पहिलं विचारतो, याचं कायमचं घर कुठे? तिथली भाड्याची जागा तर तो सोडून आलेला. मग उरलं कुठलं? तुमचं नाहूरचं. बरं, दोन्हीकडे घर आहे असं धरलं, तर करार पुढचं विचारतो, याचे जिव्हाळ्याचे संबंध कुठे जास्त?"

"जिव्हाळ्याचे? असं लिहिलंय?"

"इंग्रजीत जरा कोरडं आहे. अर्थ तोच."

"मग?"

"मग काय? आई इथे आजारी, वडील इथे. तिथेही आपण हरतो."

 जिव्हाळा इथेच होता हे दोन देशांच्या सरकारांना मान्य आणि तरी आपण हरतो, हा हिशेब भीमराजच्या गळी उतरेना. दीप्तीनं कागद पाकिटात घातला. मग ड्रॉवर उघडून नाहूरच्या घराची एक चावी काढली आणि पाकिटावर ठेवली. "ही पण घेऊन जा. त्यानं कुरियरनं पाठवलीय. तिकडच्या कर खात्याचा निकाल लागेपर्यंत त्याच्याकडे असायला नको." चावीला मीरानं बांधलेला लाल गोंडा तसाच होता. विमानतळावर सामानात चावी हरवू नये म्हणून तिनंच बांधला होता.

बस समोरून गेली तरी ते चढले नाहीत. मुलुंडहून नाहूर काही लांब नाही, पाय आहेत तोवर चालावं, असं ते इतरांना सांगायचे. खरं कारण असं की घरी लवकर पोचायचं नव्हतं. हा करार त्यांच्या घरात आला तो वर्तमानपत्रातल्या फोटोतून. प्रितम नुकताच तिकडे गेला होता आणि त्याच सुमाराला दिल्लीत दोन मंत्र्यांनी दोन झेंड्यांमागे बसून करारावर सह्या केल्या होत्या. प्रितमनं फोटो पाठवला. मीरानं तो मजल्यावरच्या प्रत्येकीला असा दाखवला की जणू सही तिच्या पोरानंच केलीय. पुढे वर्षं गेली, कराराचं नावच नाही. "सही झाली म्हणजे झालं असं नसतं गं, आई," प्रितम व्हिडिओवर समजावायचा, "इथल्या संसदेनं मंजुरी दिली की मगच तो लागू." कधी तिथलं सरकार पडायचं, कधी अधिवेशन संपायचं, एकदा तर विषय चर्चेला यायचा होता त्याच दिवशी कुणीतरी राजीनामा दिला. दर रविवारी मीराचा प्रश्न ठरलेला, कराराचं काय झालं? "साखरपुडा करून ठेवलाय आणि लग्नाची तारीख काढायला तयार नाहीत," ती म्हणायची. "मुलीकडच्यांनी काय समजायचं मग?" भीमराज हसायचे. दोन देशांच्या उत्पन्नावरच्या कराची एवढी काळजी नाहूरमध्ये दुसऱ्या कुठल्याच बाईनं केली नसेल.

आणि एके दिवशी मंजुरी मिळाली. प्रितमनं ऑफिसातूनच फोन केला. आधी कसं होतं, तो सांगत होता, की मी घरी अर्ध्या वर्षाच्या वर राहिलो असतो तर दोन्ही सरकारांनी कापलं असतं आणि दाद मागायला जागा नसती. आता नियम आहे. आता मी पाहिजे तितकं राहू शकतो, आई. मीराला त्यातलं शेवटचं वाक्य कळलं, तेवढं पुरे होतं. तिनं शेवयांची खीर केली, बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आणि परक्या देशाच्या संसदेला तोंड भरून आशीर्वाद दिला. पुढच्या उन्हाळ्यात तिचं जेवण कमी झालं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी पोटाचे फोटो काढले, ते उजेडावर धरले आणि भीमराजना एकट्यालाच बाहेर बोलावलं. प्रितमनं ऐकलं त्याच आठवड्यात तिथली जागा सोडली, सामान एका मित्राच्या गॅरेजमध्ये टाकलं आणि दोन बॅगा घेऊन तो दारात उभा राहिला. "जागा कशाला सोडलीस रे?" भीमराज तोंडानं म्हणाले. आतून त्यांना इतका आनंद झाला होता की त्याची लाज वाटली. बायको मरायला टेकलीय आणि पोरगा घरी आला म्हणून आपल्याला सण वाटतोय. भेटायला येणाऱ्यांना मीरा सांगायची, "करारानं आणलं त्याला. नाहीतर कुठला यायला."

सात महिने. पाहुणा म्हणे. पाहुणा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतो का? पाहुणा लिफ्ट बंद म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीशी हमरीतुमरीवर येतो का? सकाळी तो भाताची पेज करायचा, ती गाळायचा, कोमट करून नळीतून द्यायला तो नर्सकडून शिकला होता. दुपारी त्याचं तिकडचं ऑफिस सुरू व्हायचं, तेव्हा कानाला यंत्र लावून इंग्रजी बोलता बोलता तो एका हातानं आईच्या पायाला तेल चोळायचा. बाईनं कपडे बदललेले मीराला आवडायचे नाहीत आणि नवऱ्यापुढे तिला आजारपणाचा संकोच वाटायचा, हे एक नवलच. पण पोराचा वाटायचा नाही. त्यानं तिचे मळलेले कपडे हातानं धुतले, बाथरूमचं दार लोटून, नळ सोडून, म्हणजे आवाज ऐकू जाऊ नये. कसला आवाज ते भीमराज ओळखून होते. ते दाराबाहेर टॉवेल घेऊन उभे राहायचे. त्या घरात त्या महिन्यांत जितकं दुःख होतं तितकंच घर होतं. मीरा गेली त्या पहाटे प्रितम तिच्या उशाशी होता आणि भीमराज दूध आणायला खाली उतरले होते. म्हणजे बायकोच्या शेवटच्या श्वासाला हजर होता तो पाहुणा, आणि घरचा माणूस दुधाच्या रांगेत.

नाहूरच्या पुलाखाली त्यांनी पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. वजन काहीच नव्हतं. चूक आपलीच, असं त्यांनी स्वतःला परत एकदा सांगितलं. मागच्या थंडीत तिकडच्या कर खात्यातून बाईंचा फोन आला, व्हेरिफिकेशन म्हणाल्या. भीमराजचं उभं आयुष्य टेलिफोनच्या खात्यात, खांबावर आणि एक्स्चेंजमध्ये गेलेलं, फोनवरच्या आवाजाला ते बिचकणारे नव्हते. आणि व्हेरिफिकेशन म्हणजे काय हे तर त्यांना चांगलंच ठाऊक होतं. प्रितमचा पहिला पासपोर्ट निघाला तेव्हा ते वाकोल्याला एका खोलीत राहायचे. हवालदार आला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून गेला, हा मुलगा इथेच राहतो का? तेव्हा सगळ्या गल्लीनं ठणकावून सांगितलं होतं, इथेच, लहानाचा मोठा इथेच झालाय. व्हेरिफिकेशनला हेच सांगायचं असतं. मुंबईत कुणाला वेगळं माहीत आहे? म्हणून ते फोन कानाला लावून उठून उभे राहिले आणि आपल्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, धिस इज हिज हाऊस. बाईंनी विचारलं, त्याला वेगळी खोली आहे? हिज रूम, मॅडम, ऑलवेज रेडी. बाई थँक्यू म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी मोठ्या अभिमानानं प्रितमला सांगितलं, आणि प्रितमनं त्याच रात्री दीप्तीला फोन करून विचारलं, हे शब्द एखाद्या कागदानं खोडता येतील का?

पण त्यांच्या तोंडून दुसरं निघणार तरी काय होतं? ते वाकोल्याला आले त्या वर्षी जागा शोधताना एजंट आधी भाडं सांगायचा, मग नाव विचारायचा. पूर्ण नाव सांगा, पूर्ण. तायडे म्हटलं की पुढचा प्रश्न गावाचा, मग घरातल्या फोटोंचा, आणि मग ती खोली कालच कुणीतरी घेतलेली असायची. किती खोल्या अशा काल गेल्या. शेवटी मिळाली तिथे मालकाची म्हातारी पोराला जिन्यात अडवून विचारायची, तू कुणाचा रे? इथे काय करतोस? प्रितम रडत घरात यायचा. तेव्हा भीमराजनी त्याला समोर उभं करून पाठ करून घेतलं होतं. कुणी विचारलं तर मान खाली घालायची नाही. सांगायचं, हे आमचं घर आहे. म्हण. पोरानं म्हटलं. मोठ्यानं म्हण. पुढे नाहूरला फ्लॅट घेतला तो कर्जाखाली वाकून घेतला, पण दोन खोल्यांचा, आणि आतली खोली पहिल्या दिवसापासून प्रितमची. मीरानं सोनेरी काठाच्या कपबशा घेतल्या, काचेच्या कपाटात लावल्या. पाहुण्यांना याच्यात चहा, कुणीही येवो, ती म्हणाली. मेहकरच्या हॉटेलात भीमराजच्या वडिलांसाठी वेगळा कप खिळ्याला टांगलेला असायचा, हे तिला माहीत होतं. घरच्यांना त्या कपबशांना हात लावायची परवानगी नव्हती.

घरी येऊन त्यांनी पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. चादर त्यांनी सोमवारीच बदलली होती. दर सोमवारी बदलायचे, कुणी झोपलं नाही तरी. भिंतीवर प्रितमनं सलाइनची बाटली अडकवायला ठोकलेला हुक होता. कधीतरी त्यांनी त्याला कॅलेंडर अडकवलं होतं, मग काढलं. ते पलंगाच्या कडेवर बसले. करार म्हणतो, हे घर मुलाच्या हाताशी कायम उपलब्ध होतं का? होतं. आहे. मी मरेन तोवर राहील आणि मेल्यावर तर त्याचंच. हे खोटं कसं लिहू? आणि मग, बसल्या जागी, त्यांना दुसरी एक भीती वाटली. हे खोटं आहे ना? मीराचं पुण्यानुमोदन झालं तसा प्रितम परत गेला, त्यानंतर या चादरीवर तो झोपला नाही. उद्या तिचा दुसरा स्मृतिदिन, त्यासाठी तो चार दिवस आलाय, तोही अंधेरीला विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरायला. वकिलानं सांगितलं म्हणून. वकिलानं सांगितलं नसतं तर? ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं, त्या प्रश्नाला आतच ठेवून.

दिवेलागणीला फोन आला. "पोचलो, पप्पा. हॉटेलवर आहे. उद्या सकाळीच येतो."

"जेवलास?"

"हो. तुम्ही दीप्तीकडे गेला होतात ना? झाली सही?"

"वाचतोय अजून."

"पप्पा, फक्त कागद आहे तो. त्याचा आपल्याशी काय संबंध?"

"मग तूच लिही की, बाप माझा परका होता म्हणून. कागदच आहे ना?" आवाज चढला हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. "तिथला कर भर, इथला भर, माझी पेन्शन घे. पण तुझ्या आईचं गूमूत काढलंस तू. त्याला पाहुणचार म्हणू का मी?"

 हॉटेलातल्या एसीची घरघर ऐकू येत होती. मग प्रितम म्हणाला, "कराचं नाही ओ, पप्पा. पैसे भरून सुटत असतं तर कधीच भरले असते. ते वर्ष तिथलं धरलं नाही तर माझी सगळी वर्षं तुटतात. नागरिकत्वाची मोजणी पहिल्यापासून. आणि ते नाही तर बँक मला घर घेऊ देत नाही तिथे."

"भाड्यानं राहतोसच ना?"

"राहतो." त्यानं एसी बंद केला. "तुम्हाला सांगितलं नाही कधी. तिथे पण आधी भाडं सांगतात, पप्पा. मग पूर्ण नाव विचारतात. मग पासपोर्ट बघतात. मग खोली कालच गेलेली असते."

भीमराज खुर्चीत बसले. त्यांच्या कानाला लागलेला फोन गरम झाला होता.

"मलाही एकदा म्हणायचंय, की हे आमचं घर आहे," प्रितम म्हणाला. "मोठ्यानं. तुम्हीच शिकवलंत ना?"

 झोप आता, सकाळी बोलू, एवढंच भीमराज म्हणाले. पोराला आपण काय काय दिलं याची यादी बाप मनात घोकत असतो. शिक्षण, खोली, नाव. नावाबरोबर आणखी काय गेलं ते यादीत नव्हतं.

सकाळी त्यांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला, मीराच्या फोटोपुढे फुलं ठेवली. वंदनेसाठी भन्तेजी अकराला यायचे होते. टेबलावर कागद तसाच, त्यावर उडू नये म्हणून लाल गोंड्याची चावी. चहाचं आधण ठेवलं आणि इंटरकॉम वाजला. गेटवर नवा वॉचमन होता, आठवडाच झाला होता त्याला.

"सर, नीचे कोई प्रीतम करके आये हैं. गेस्ट हैं क्या?"

गेस्ट कसला रे, घरका है, घरका, इतक्या वर्षांचं वाक्य सवयीनं त्यांच्या घशापर्यंत आलं. वाकोल्याच्या जिन्यातल्या म्हातारीला, एजंटांना, हवालदाराला, तिकडच्या बाईंना, सगळ्यांना सांगून झालेलं वाक्य. खाली ऊन असेल. पोरगा आपल्याच बिल्डिंगच्या फाटकाशी उभा असेल, हातात फळांची पिशवी घेऊन, आणि वॉचमन त्याला आपादमस्तक न्याहाळत असेल.

"सर? भेजूँ?"

"हां," भीमराज म्हणाले. "गेस्ट है. भेज दो."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. त्या देशाच्या संसदेत जे वर्षानुवर्षं अडून राहिलं होतं ते इथे एका माणसाच्या तोंडून एका दमात मंजूर झालं. सही काय, ती त्यानंतरची गोष्ट. पोराला ती करताना बघावी लागू नये म्हणून त्यांनी लिफ्ट वर यायच्या आत पेन काढलं, चावी बाजूला केली आणि नाव लिहिलं, पूर्ण नाव. अक्षर चांगलं आलं. मग त्यांनी काचेचं कपाट उघडलं.

बेल वाजली. प्रितमनं या दाराची बेल कधी वाजवली होती ते त्यांना आठवेना. तो आत आला, वाकून पाया पडला, आईच्या फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मग सोफ्याच्या कडेवर बसला. बारीक झाला होता. कानापाशी पांढरं दिसत होतं. टेबलावरचा कागद त्यानं लांबूनच पाहिला, सहीसुद्धा दिसली असणार, कारण त्यानं लगेच मान खाली घातली.

भीमराज चहा घेऊन आले. सोनेरी काठाची कपबशी त्यांनी त्याच्यापुढे ठेवली.

प्रितम तिच्याकडे पाहत राहिला. "माझा मग फुटला?"

"नाही. आहे ना. आत, जाळीवर."

स्वयंपाकघर तिथून दिसत होतं. जाळीवर पालथा घातलेला हिरवा मगही दिसत होता. भीमराज वाट पाहत राहिले. त्यांना वाटलं, आता हा उठेल, म्हणेल काय हे पप्पा, आणि चहा त्यात ओतून घेईल, आणि मग जे काय लिहिलंय ते खरंच नुसतं कागदावर राहील. प्रितमचा हात कपाच्या कानाशी गेला, थोडा चहा बशीत सांडला. त्यानं डोळे पुसले नाहीत. उठलाही नाही.

"छान झालाय चहा," घोट घेऊन तो म्हणाला.

"अजून थोडा देऊ?" भीमराजनी विचारलं.